चाळीस पानांची आमटी

मांडवात भेटलेल्या माणसांनी मला तीस वर्षांत एकच प्रश्न विचारला आहे: "सुशीलाक्का, चारशे माणसांच्या आमटीला मीठ किती लागतं ते कळतं कसं?" मी हात जोडून वर बघायचे आणि म्हणायचे, "त्याची कृपा." खरं उत्तर दिलं असतं तर आमच्या गल्लीत आणखी चार आचारिणी तयार झाल्या असत्या. आता माझे गुडघे गेलेत, मोठी कामं मी सोडली आहेत, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. वरच्याची कृपा असेलही, पण काम नाक करतं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक नैवेद्य दाखवण्याआधी कुणी चाखत नाही. चाखला की उष्टा झाला. आणि नैवेद्य दाखवला की लगेच पानं वाढायची असतात. म्हणजे मीठ कमी की जास्त हे जिभेला कळेपर्यंत आमटी पाहुण्याच्या घशाखाली गेलेली असते. म्हणून आम्ही वासावर चालतो. कटाची आमटी उकळत असताना गूळ, चिंच, मसाला, पुरणाचा कट असे सगळे आपापलं वेगळं बोलत असतात. मीठ बरोबर पडलं की भांडण मिटतं. कमी पडलं तर गुळाचा वास पुढे राहतो, जास्त झालं तर वाफ नाकाला कोरडी लागते. हे मला सासूबाईंनी शिकवलं. सासरे निपाणीहून हुबळीला किराणा दुकान टाकायला आले, दुकान बुडालं आणि सासूबाईंच्या पुरणपोळ्यांनी घर तारलं. मी मात्र ही विद्या कुणाला दिली नाही. वीस वर्षं माझ्या हाताखाली राबलेल्या गंगव्वालाही नाही. त्याची फळं मी पुढे भोगली.

आमचं दुसरं हत्यार म्हणजे हात. काटा-वजन आम्ही वापरत नाही. ओंजळ, मूठ, चिमूट, एवढंच. माझी ओंजळ चारशे पानांची आहे, हे मला झोपेतही माहीत असतं. उणकलला एका लग्नात मुलाकडच्यांनी तीनशे सांगून पाचशे माणसं आणली. लोकांना वाटतं अशा वेळी आम्ही आमटीत पाणी ओततो. पाणी ओततो तो शिकाऊ. आम्ही काय करतो, तर पहिला भात भरपूर वाढतो आणि आमटी जरा उशिरा पाठवतो. भुकेला माणूस वाट बघत बसत नाही, तो तूप-भातावरच अर्धा होतो. त्या दिवशी मुलाचे वडील मला म्हणाले, "अक्का, द्रौपदीची थाळी आहे तुमच्याकडे." मी म्हटलं, "होय," आणि पातेल्यावर झाकण ठेवलं, कारण तळ दिसत होता.

या सगळ्या वर्षांत मला एकाच माणसाची धास्ती वाटली. त्या म्हणजे धारवाडच्या मावशी. अमरगोळच्या बाजारात धान्याची अडत करणाऱ्या अप्पांच्या घरची तीन लग्नं मी केली. अप्पांच्या सुनेची ही थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. पंगतीत बसल्या की आधी आमटीची वाटी उचलायच्या, एक घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल असा निकाल द्यायच्या. पहिल्या लग्नात म्हणाल्या, "मीठ कमी." दुसऱ्यात, "मीठ आहे, पण उशिरा घातलंय." तिसऱ्यात काहीच सापडेना, तेव्हा म्हणाल्या, "वाटी लहान आहे." वाईट याचं की त्यांचं प्रत्येक वेळी खरं असायचं. वाटीसुद्धा लहानच होती.

मग तो आजार आला. पहिल्या खेपेला आम्ही घरात बसून थट्टा केली. दुसऱ्या लाटेत थट्टा थांबली. ज्यांच्या लग्नात मी जेवण केलं होतं अशा माणसांची नावं सकाळी एकेक करून फोनवर यायची. आम्हा दोघांनाही धरलं त्यानं, पण घरातच बरे झालो. बरे झाल्यावर ह्यांनी जो धसका घेतला तो विचारू नका. नारळ साबणानं धुवायचे. वर्तमानपत्राला इस्त्री करायचे. दारात दूध आलं की पिशवीला उन्हात बसवायचे आणि आत येऊन मला सांगायचे, "दूध नासलंय."

माझं वेगळंच झालं. एके दिवशी गंगव्वा घरी आली आणि दारातूनच ओरडली, "अक्का, फोडणी जळायली की!" मी कढईसमोर उभी होते. धूर दिसत होता, वास नव्हता. हिंग हुंगला, कापूर हुंगला, ह्यांच्या मोज्यांपर्यंत जाऊन आले. काही नाही. जीभही गेली होती, पण जिभेचं मला एवढं वाटलं नाही. नाक गेलं म्हणजे माझी तीस वर्षं गेली. मी कुणाला बोलले नाही. गवंड्यानं आपला ओळंबा हरवल्याचं गावभर सांगावं का?

दोन महिन्यांनी निर्बंध सैल झाले. भाजीवाल्यापाशी रोज वाद. एक म्हणायचा, "उघडलं म्हणजे रोग गेला." दुसरा म्हणायचा, "उघडलं म्हणजे आता आपली आपण काळजी घ्या म्हणाले, समजा." दोघेही बोलताना मास्क हनुवटीवर ओढायचे. अशात अप्पांचा फोन आला. नात पल्लवीचं लग्न, नवनगरला घरीच, परसात.

"अक्का, परवानगी चाळिसाची आहे," अप्पा म्हणाले. "भटजी आणि स्वयंपाकी धरून चाळीस. एक्केचाळिसावं माणूस आलं तर दारातनं परत पाठवणार. जावई असला तरी."

"जावयालाच परत पाठवलं तर लग्न कुणाशी लावणार, अप्पा?"

अप्पा हसले नाहीत. लाटेच्या तोंडावर घरात एक बारसं झालं होतं. धाकटा भाऊ नको नको म्हणत होता, अप्पांनी तीन फोन करून त्याला बोलावून घेतलं. पंधरा दिवसांत भाऊ गेला. तेव्हापासून हा माणूस कुणाला "या" म्हणायलाच घाबरत होता.

हिशोब असा बसला: मुलाकडचे सतरा, मुलीकडचे सतरा, भटजी एक आणि आम्ही पाच बाया. आणि मग आम्ही पाचजणी सगळ्यांच्या डोळ्यांत सलायला लागलो. पल्लवीच्या आत्याचा फोन: "तुम्ही तिघी आलात तर नाही का भागणार? म्हणजे माझ्या जाऊबाई येतील." एका काकांनी तर सुचवलं की मी घरूनच स्वयंपाक करावा आणि रिक्षानं पाठवावा. तीस वर्षांत प्रथमच मला कळलं की मी लग्नात एक माणूस धरले जाते.

खरी पंचाईत माझी मला माहीत होती. नाक नाही, आणि हात चारशेचा. चाळीस पानांची आमटी मी जन्मात केली नव्हती. सराव करावा म्हणून घरी चाळिसाची करायला घेतली. डाळ चाळिसाची, पण मसाला आणि मीठ हातानं आपल्या सवयीनं टाकलं. ते झाकायला डाळ वाढवली, मग चिंच वाढवली, मग पातेलं बदललं. संध्याकाळी आमच्या उणकलच्या अख्ख्या इमारतीला डबे गेले. ह्यांना चाखायला दिली. "छान झालीय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठच न घालता दिली. "छान झालीय," म्हणाले. संसार टिकवण्यासाठी जो माणूस चाळीस वर्षं सगळ्याला छान म्हणत आला, त्याच्या जिभेचा काय उपयोग?

लग्नाला दहा दिवस असताना धारवाडहून फोन आला.

"सुशीला, बाया किती नेणार आहेस?"

"माझ्यासकट पाच, मावशी."

"चार ने. पाचवी मी."

मला आधी वाटलं, त्यांना ताप चढलाय. मग कळलं की अप्पांनी त्यांना यादीतून गाळलं होतं. वय झालंय, साखर आहे, तुम्ही फोनवर लग्न बघा, म्हणाले. पल्लवीची आई, म्हणजे मावशींची धाकटी बहीण, बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरायची. पोरगी दहावीपर्यंत मावशींकडेच होती.

"मी वेणी घातलेली पोरगी आणि मी तिला त्या डबीत बघू?" मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"पण मावशी, तुम्हाला पोळी लाटता येत नाही. तुम्ही येऊन करणार काय?"

"चूक काढता येते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन महिने जे नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते मी या बाईला सांगितलं. "मावशी, माझं नाक गेलंय. मिठाचा अंदाज लागत नाही."

मावशी म्हणाल्या, "तरीच. मला वाटायचं, ही बाई चाखत नाही तर करते कशी. म्हणजे नाकानं करत होतीस." त्यांनी तीन लग्नांत जे ओळखायचा प्रयत्न केला ते मी एका वाक्यात देऊन बसले होते. "मग तुला मीच पाहिजे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांच्या दोन्ही लशी झाल्या होत्या. दहा दिवस त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही; वासाची खूण मी फोनवर सांगितली आणि त्यांनी ती घरच्या आमटीवर पाठ केली. आमचा स्वयंपाक उघड्या परसात, पत्र्याखाली. एवढं सगळं मी मनाला बजावत होते, तरी एक गोष्ट सुटत नव्हती. भावाला अप्पांनी बोलावलं होतं. या बाईला मी नेत होते. काही झालं असतं तर ते माझ्या माथी.

लग्नाच्या सकाळी फाटकात अप्पा वही घेऊन आणि ताप मोजायचं पिस्तूल घेऊन उभे. आम्ही पाचजणी रांगेत. मावशींना मी दोन मास्क, डोक्याला फडकं आणि आमचा निळा एप्रन घातला होता आणि बजावलं होतं की तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड परीक्षा असणार.

"ह्या कोण?"

"माझी पाचवी बाई."

अप्पांनी कपाळाला पिस्तूल लावलं, आकडा बघितला, पुढे सोडलं. मावशी चार पावलं गेल्या, दारावरच्या तोरणाकडे बघितलं आणि त्यांना राहवलं नाही. "पानं कालची आहेत," म्हणाल्या.

अप्पांचा पेन जागच्या जागी थांबला. त्यांनी मान वर केली. मावशी त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, ताठ. मी मनात म्हटलं, झालं, आता ही परत धारवाडला आणि मी तिच्याबरोबर. अप्पांनी बराच वेळ त्या पाठीकडे बघितलं. मग वहीत लिहिलं, "स्वयंपाकी पाच," आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाचव्या बाईंना वाऱ्याला बसवा. गर्दीत पाठवू नका."

मावशींना मी परसातल्या पेरूखाली खुर्चीवर बसवलं. काम असं चालायचं: मी पातेल्याचं झाकण काढायचे आणि बाजूला व्हायचे. त्या यायच्या, नाकावरचा मास्क खाली करायच्या, वाफ घ्यायच्या, मास्क वर, पुन्हा खुर्चीत. आणि खुर्चीतून निकाल. "भाजीला अर्धी चिमूट." "कोशिंबिरीला पुरे." गंगव्वा पोळी लाटता लाटता माझ्याकडे बघायची. शेवटी आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत हळूच म्हणाली, "अक्का, ही यारु, कोण? ही तुमचा वर मालकीण आहे काय?" मी म्हटलं, "आज आहे." पुरणाला त्यांनी वेलदोडा कमी म्हणून सांगितलं तेव्हा मला त्यांच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं, पण वेलदोडा घातला.

आमटीचं मीठ मी शेवटच्या उकळीला घालते. लहान पातेल्याचा अंदाज चुकून विस्तव कमी ठेवला गेला, आणि उकळी यायला आणि मुहूर्ताची वेळ व्हायला एकच गाठ पडली. तेवढ्यात अप्पा मागच्या दारात आले. हातात अक्षतांचं ताट.

"पाचव्या बाईंना म्हणावं, दारापर्यंत या. पोरीनं दोनदा विचारलं."

मावशी उठल्या आणि परत बसल्या. "मीठ राहिलंय," म्हणाल्या.

"जा तुम्ही."

"आणि नाक?"

"आलं माझं नाक. सकाळीच आलं."

ही थाप त्यांनी का मानली कोण जाणे. अप्पांनी त्यांच्या ओंजळीत अक्षता घातल्या, मग माझ्यापुढे ताट केलं. माझ्या उजव्या मुठीत मोजून घेतलेलं खडे मीठ होतं, म्हणून मी डावा हात पुढे केला. मंगलाष्टकं चालू झाली. आचारी माणसाला लग्न कधी दिसत नाही; आम्हाला फक्त ऐकू येतं आणि 'सावधान' म्हटलं की आम्ही दारातून हात मोकळा करतो. त्या दिवशी मी दारात उभी राहून सगळं बघितलं. आंतरपाटाच्या अलीकडे पल्लवी होती. तिची मान सारखी मागे वळत होती, आणि एप्रन घातलेल्या बाईला बघितल्यावर वळायची थांबली. मावशींचे दोन्ही मास्क डोळ्यांच्या पाण्यानं भिजले होते. मलाही कधी रडू आलं कळलं नाही. 'सावधान' झालं, सगळ्यांनी हात उडवले, मीही उडवला, आणि उकळी फुटल्याचा आवाज ऐकून मागे पळाले. मूठ पातेल्यात रिकामी केली, ढवळलं, वाकून वाफ घेतली. नाकाला नुसता कोमट वारा लागला.

गंगव्वाला म्हणता आलं असतं, "ये, तू बघ." पण तिला मी कधी शिकवलंच नव्हतं. आता काय तोंडानं विचारणार? नैवेद्य झाला आणि पानं वाढली.

अप्पांनी मावशींचा एप्रन काढायला लावून त्यांना पल्लवीच्या समोर, पण दोन हात लांब बसवलं. आमटी वाढायला मी स्वतः गेले. त्यांनी वाटी उचलली, एक घोट घेतला, डोळे मिटले. अख्खी पंगत थांबली, सोयरेसुद्धा. अप्पांनी तर घास हातात धरला होता. मावशींनी डोळे उघडले, पल्लवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर झालंय. अगदी बरोबर."

मी स्वयंपाकाच्या धंद्यात पडल्यापासून एवढा मोठा मान मला कुणी दिला नव्हता. मी परसात जाऊन पेरूला टेकून उभी राहिले. पानातलं मीठ संपलं म्हणून वाढणारीला दोनदा फिरावं लागलं, ते मला दिसलं होतं. कोशिंबिरीला लागलं असेल, असं मी धरून चालले. माणसाला जे धरायचं असतं ते तो धरतो.

जाताना अप्पा फाटकात उभे राहून माणसं मोजत होते. चाळीस आली, चाळीस गेली. मावशी आमच्या टेंपोतून गेल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुसरी लाट संपली म्हणणारे म्हणोत, माझ्या घरात ती रोज सकाळी फोन वाजला की यायची. अप्पा रोज विचारायचे, "काही नाही ना?" आणि मी म्हणायचे, "नाही." दोघांनाही कुणाबद्दल विचारतोय ते माहीत होतं. धारवाडला फोन लावायचा धीर अप्पांनाही नव्हता आणि मलाही. नवव्या दिवशी कळलं की मावशींना खोकला आहे. मी देव पाण्यात घातले. दहाव्या दिवशी कळलं की मिरची भाजली होती. ह्यांनी धीर द्यायचा म्हणून माझ्यापुढे नारळ धुवायचं बंद केलं.

सोळाव्या दिवशी सकाळी धारवाडचा फोन आला. मी खाली बसून घेतला.

"सुशीला, पंधरा दिवस झाले. मी ठीक आहे. सगळे ठीक आहेत ना तिकडचे?"

"आहेत, मावशी."

"मग आता खरं सांगते. आमटी अळणी होती. मिठाचा खडाही नव्हता तिच्यात."

"असं कसं? मी मोजून मूठ घातली."

"घातलीस. डाव्या हातातली. माझ्या वाटीच्या तळाशी हळदीच्या अक्षता निघाल्या. उजव्या हातातलं तू पोरीच्या डोक्यावर टाकलंस. मी तिच्या मागेच दारात उभी होते, तिच्या केसांतले खडे मी डोळ्यांनी बघितले."

मी माझा डावा तळहात उघडून बघितला.

"तेव्हाच बोलणार होते," मावशी म्हणाल्या. "पण म्हटलं, एवढी माणसं गेली या वर्षात, आणि पोरीची मिठानं दृष्ट निघाली ती निघाली. पंधरा दिवस सुखरूप गेले तर सांगावं, नाहीतर राहू द्यावं. आणि ऐक, अळणीचं सोड. दालचिनीही जास्त होती."

फोन ठेवला. हे दारात उभे होते, चेहरा पांढरा. "काय म्हणाल्या?"

"आमटी अळणी होती म्हणाल्या," मी म्हटलं, आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडले.